विलायतेतल्या दंतवैद्यांसाठी सीपीडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात शिकत होते तेव्हा ‘जीडीसी’ म्हणजे आमचं गव्हर्न्मेंट डेंटल कॉलेज. ओआरई, म्हणजे परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांची इथली परीक्षा, पास होऊन इंग्लंडात रजिस्टर झाले आणि तीच तीन अक्षरं जनरल डेंटल कौन्सिलची झाली. पहिल्या जीडीसीनं पदवी दिली. दुसरी दर वर्षी विचारते, की पदवीनंतर काय शिकलात आणि त्याचा कागद कुठाय? या चौकशीचं नाव सीपीडी, म्हणजे पदवीनंतरही चालू ठेवायचं व्यावसायिक शिक्षण. नाशिक, लातूर, सांगली, पणजीहून इकडे आलेली मंडळी त्याबद्दल मला फोनवर, मेसेजवर आणि एकदा तर संक्रांतीच्या हळदीकुंकवात जे विचारत आली, ते इथे एकत्र केलंय. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. सीपीडी म्हणजे आपल्याकडचं सीडीईच ना?

सीडीई, म्हणजे आपल्याकडचं पदवीनंतरचं दंतशिक्षण. हेतू तोच, हिशोब वेगळा. आपल्याकडे व्याख्यानाला, कॉन्फरन्सला गुण मिळतात; इथे तास मोजतात. आपल्याकडे कार्यक्रमाचे गुण कौन्सिलकडून ठरून येतात. इथे कौन्सिल कोर्सच्या भानगडीत पडतच नाही (प्रश्न ७ पाहा). दंतवैद्यांसाठी सध्याची पद्धत १ जानेवारी २०१८ पासून आहे. त्याआधी पाच वर्षांत २५० तास लागत. त्यातल्या ७५ तासांना पुरावा लागे, बाकीचे तुमच्या शब्दावर. आता तास कमी झाले, पण शब्दावर काही चालत नाही. जुने सीनियर ‘अडीचशे तास’ म्हणतात ते त्या काळातलं, घाबरू नका.

२. एकूण किती तास लागतात?

दंतवैद्याला पाच वर्षांत १०० तास, सगळेच्या सगळे पुराव्यासकट. हायजिनिस्ट, थेरपिस्ट, नर्स यांचे आकडे वेगळे आहेत, ते प्रश्न १४ मध्ये.

३. माझं नाव मार्चमध्ये रजिस्टरवर लागलं. पाच वर्षं कधीपासून धरायची?

पुढच्या १ जानेवारीपासून. मार्च २०२५ मध्ये रजिस्टर झाला असाल तर तुमचं चक्र १ जानेवारी २०२६ ते ३१ डिसेंबर २०३०. मधल्या महिन्यांत केलेले तास या शंभरात धरू नका. म्हणून तेवढे महिने हात बांधून बसायचं असंही नाही. बेसिक लाइफ सपोर्टचं आणि रेडिएशनचं सर्टिफिकेट तुमच्या प्रॅक्टिसची मॅनेजर पहिल्याच आठवड्यात मागेल.

४. तो ‘दोन वर्षांत दहा तास’वाला नियम मला अजून कळलेला नाही.

कोणतीही लागोपाठची दोन वर्षं घ्या, त्यांची बेरीज किमान १० तास आली पाहिजे. पहिल्या वर्षी ०, दुसऱ्या वर्षी १० : चालतं. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ५ : नियम मोडला, पुढच्या तीन वर्षांत ९१ तास करून शंभर भरलेत तरी मोडलाच.

गोम दोन ठिकाणी आहे. एक, जो हुशारी करून सुरुवातीलाच सगळे तास उरकतो तो इथे अडकतो. माझ्या ओळखीच्या एका मुलानं पहिल्या दोन वर्षांत शंभर तास संपवले आणि आता तीन वर्षं सुट्टी असं जाहीर केलं. चौथ्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्याच्या लक्षात आलं, की तिसरं वर्षही कोरं आहे आणि चौथंही. पुढच्या सहा आठवड्यांत त्यानं दहा तास कसेबसे भरले. दिवाळीचा फराळ आणि निर्जंतुकीकरणाचे व्हिडिओ एकत्र चालले होते.

दुसरं, हा नियम चक्राच्या सीमेपाशी थांबत नाही. जुन्या चक्राचं पाचवं वर्ष आणि नव्याचं पहिलं ही जोडीसुद्धा मोजली जाते. पाचवं वर्ष शून्य गेलं असेल तर नव्या चक्राच्या पहिल्याच वर्षी दहा तास हवेत.

५. कोणते विषय कंपल्सरी आहेत?

जीडीसीनं सक्तीचा म्हणून एकही विषय ठेवलेला नाही. तिची जोरदार शिफारस मात्र आहे : मेडिकल इमर्जन्सीचे चक्रात किमान १० तास, त्यातले दरवर्षी किमान २, निर्जंतुकीकरणाचे ५, रेडिओग्राफी आणि रेडिएशनपासून संरक्षणाचे ५. याशिवाय कायदा आणि नीतिमत्ता, तक्रारींची हाताळणी, तोंडाच्या कॅन्सरचं लवकर निदान आणि सेफगार्डिंग (मुलांचं आणि असुरक्षित प्रौढांचं संरक्षण) याही विषयांत अद्ययावत राहा असं ती सांगते.

शिफारस म्हणजे मर्जीचा मामला समजू नका. इंग्लंडात दवाखाने तपासणाऱ्या सीक्यूसीची तपासणी आली की नेमकी हीच सर्टिफिकेटं बाहेर काढावी लागतात, आणि एक्स-रे काढणाऱ्याच्या प्रशिक्षणाला तर २०१७ चे वेगळे रेडिएशन नियम आहेत.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल आपली मंडळी जरा निर्धास्त असतात. खर्रा-गुटख्याची तोंडं पाहून आलोय, आम्हाला काय शिकवता? खरंय, नागपूरच्या ओपीडीत सबम्यूकस फायब्रोसिसला, म्हणजे सुपारी-गुटख्यानं तोंड उघडेनासं होण्याला, तोटा नव्हता. पण इथे कधी तंबाखूला हातही न लावलेला पन्नाशीचा माणूस येतो, तक्रार फक्त मानेतल्या गाठीची किंवा गिळताना टोचण्याची, आणि मूळ निघतं घशात, टॉन्सिलपाशी, एचपीव्ही या विषाणूशी जोडलेलं. गालाचा आतला भाग पाहायची आपली सवय तिथे कामाला येत नाही. शिवाय तातडीचं रेफरल कुणाला, कसं आणि कोणत्या शब्दांत पाठवायचं हे इथेच शिकावं लागतं.

६. पीडीपी लिहायचा म्हणजे नक्की काय लिहायचं? मी इंटरनेटवरून एक नमुना उचललाय.

तो नमुना ठेवा बाजूला. पीडीपी, म्हणजे तुमची शिकण्याची योजना, नियमानं सक्तीची आहे. तीत तीन गोष्टी लागतात : या चक्रात काय शिकणार, त्यातून चार विकास-फलितांपैकी कोणतं साधणार, आणि साधारण कधीपर्यंत. ही चार फलितं ए, बी, सी, डी अशी आहेत. ए म्हणजे पेशंटशी आणि सहकाऱ्यांशी संवाद, संमती, तक्रार, चुकीच्या गोष्टीविरुद्ध आवाज उठवणं. बी म्हणजे स्वतःचं आणि टीमचं व्यवस्थापन. सी म्हणजे आपल्या कामाचं ज्ञान आणि हातातलं कसब. डी म्हणजे पेशंटचा आपल्यावर आणि पेशावर विश्वास राहील असं वागणं.

आपल्याकडच्या माणसाचा पीडीपी मी न बघता सांगू शकते : सी, सी, सी आणि सी. इम्प्लांट, रोटरी एन्डो, अलायनर, व्हीनिअर. यातलं काही वाईट नाही. पण इथे आल्यावर आपण अडखळतो ते हातामुळे नाही. मी अडखळले ते सांगते.

पहिल्याच महिन्यात एका बाईंची दाढ काढली आणि सवयीनं पाच दिवसांची अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिकं लिहायला पेन उचललं. माझ्या नर्सनं नम्रपणे विचारलं, “कशासाठी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एका पेशंटच्या हृदयाच्या झडपेचा इतिहास बघून मी कॉलेजातल्या धड्यावरून आधी अँटिबायोटिकचा डोस द्यायला निघाले होते. इथे २००८ पासून नाइसची, म्हणजे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेची, सूचना आहे, की असा डोस सरसकट द्यायचा नाही. अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचं चंदेरी फिलिंग, मी सुरेख भरते, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते १ जुलै २०१८ पासून अगदीच गरज असल्याशिवाय भरत नाहीत. बीपीई, म्हणजे हिरड्यांची इथली प्राथमिक तपासणी, मात्र सोपं गेलं, कारण ते कॉलेजात शिकलेल्या सीपीआयटीएन तपासणीचंच बाळ आहे.

आणि संमती. नागपुरात “काका, दात काढावा लागेल” म्हटलं की काका तोंड उघडत. इथे २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रश्न असा असतो, की या विशिष्ट पेशंटला कोणता धोका महत्त्वाचा वाटेल? ट्रम्पेट वाजवणाऱ्याला ओठाचा बधिरपणा हा शंभरातला एक धोका नसतो, तो त्याचा पोटापाण्याचा प्रश्न असतो.

म्हणून पीडीपी लिहायचा तर गेल्या तीन महिन्यांतल्या आपल्याच नोट्स काढा. कुठे सीनियरला विचारावं लागलं, कुठे पेशंट नाराज होऊन गेला, कुठली फिलिंग परत आली, कुठे नर्सनं “कशासाठी?” विचारलं, ते टिपून काढा. तोच पीडीपी. माझ्या पहिल्या योजनेत सहा ओळी होत्या आणि त्यातल्या चार ए आणि डी होत्या. योजना मध्येच बदलता येते, बदलावीच. फक्त जुनी आवृत्ती फेकू नका.

७. कोर्सवर ‘जीडीसी अप्रूव्ह्ड’ लिहिलंय. मग तर झालं ना?

जीडीसी कोणत्याही कोर्सला किंवा संस्थेला मान्यता देत नाही. ज्यानं असं लिहिलंय त्याला एकतर नियम माहीत नाही, नाहीतर तुम्हाला माहीत नसेल अशी त्याला आशा आहे. ‘जीडीसीच्या निकषांनुसार’ इतकं लिहिलं असेल तर ठीक. पण ते निकष पुरे झाले का हे सर्टिफिकेट हातात आल्यावर तुम्हीच बघायचं.

८. सर्टिफिकेटवर काय-काय असायला हवं?

कोर्सचा विषय, उद्देश आणि उद्दिष्टं, कोणतं विकास-फलित अपेक्षित आहे ते, तारीख, एकूण तास, तुमचं नाव, दर्जाची तपासणी होते आणि ती कोण करतं याचा उल्लेख, आणि ही माहिती पूर्ण व खरी असल्याची कोर्स देणाऱ्याची ग्वाही. सर्वांत जास्त वेळा तास आणि दर्जा-तपासणी गळालेली असते. त्या दिवशी तिथल्या तिथे बघा. चहाच्या टेबलापाशी उभे असताना आयोजक दुरुस्ती करून देतो, चार वर्षांनी तो फोनही उचलत नाही.

९. डिसेंबरात पुण्याला जातोय, तिथे दोन दिवसांचा इम्प्लांट कोर्स आहे. ते तास इथे चालतील?

चालतील. कोर्स कुठल्या देशात झाला याला महत्त्व नाही, कागद कसा आहे याला आहे. तुमच्या कामाशी, किंवा पुढे जे करायचं ठरवलंय त्याच्याशी, विषयाचा संबंध मात्र हवा.

अडचण अशी, की आपल्याकडचं सर्टिफिकेट दिसायला राजेशाही असतं. सोनेरी किनार, तीन-चार सह्या, मधोमध समई. त्यावर गुण असतात, पण तास नसतात, उद्दिष्टं नसतात, फलिताचा तर पत्ताच नाही. आयोजकांचा यात दोष नाही, त्यांनी ते तिथल्या गरजेप्रमाणे छापलंय. तेव्हा नाव नोंदवतानाच एक साधा मेल करा : मी ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करतो, मला संस्थेच्या लेटरहेडवर वेगळं पत्र लागेल, त्यात या-या गोष्टी हव्यात. आणि प्रश्न ८ मधली यादी जोडा. फलिताच्या जागी काय लिहायचं तेही तुम्हीच सुचवा. मी आजवर तीनदा मागितलं, तिन्ही वेळा मिळालं. एकदा तर सरांनी उत्सुकतेनं सगळी पद्धतच समजून घेतली.

उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार आणि जेवणाची सुट्टी तासांत धरू नका. नऊ ते सहाचा कार्यक्रम हिशोबाला बसल्यावर साडेपाच तासांचा निघतो.

१०. सगळे शंभर तास घरबसल्या ऑनलाइन केले तर?

नियमाची आडकाठी नाही. अकलेची आहे. छातीवर दाब किती द्यायचा हे पडद्यावर कळत नाही, त्याला सरावाचा पुतळाच (मॅनिकिन) लागतो, आणि प्रॅक्टिसमध्ये सगळ्या टीमनं मिळून सराव केला तरच ऑक्सिजनचा सिलिंडर कुठाय हे वेळेला आठवतं. बाकी वाचनाचे विषय खुशाल ऑनलाइन करा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, काम करत असाल तर ई-लर्निंग फॉर हेल्थकेअर या वेबसाइटवरचे ‘ई-डेन’ नावाचे दंतवैद्यकाचे धडे फुकट आहेत. पैसे भरून कोर्स घेण्याआधी ते एकदा चाळून बघा.

११. जर्नल वाचतो, यूट्यूबवर सर्जरी बघतो. ते धरता येईल?

नुसतं वाचलेलं-पाहिलेलं नाही. त्याला प्रश्नोत्तरं जोडलेली असतील आणि शेवटी नीट सर्टिफिकेट मिळत असेल तर हो. ब्रिटिश डेंटल जर्नलमधल्या लेखांवर अशी सोय असते. वाचन मोजलं जात नाही म्हणून सोडू नका एवढंच.

१२. या वर्षी एकही तास झाला नाही. मग स्टेटमेंट कशाला भरायचं?

शून्य लिहायला! वार्षिक स्टेटमेंट दरवर्षी भरावंच लागतं. दंतवैद्याचं सीपीडी वर्ष ३१ डिसेंबरला संपतं आणि स्टेटमेंट २८ जानेवारीपर्यंत जीडीसीच्या ऑनलाइन खात्यातून द्यायचं. वार्षिक शुल्काची मुदत मात्र ३१ डिसेंबरच आहे. शुल्क भरलं म्हणजे स्टेटमेंट गेलं असं नाही. दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या तारखा, आणि दोन्ही नेमक्या तेव्हा जेव्हा आपण गावी लग्नाला गेलेलो असतो. मी विमानाचं तिकीट काढतानाच दोन्हींचा गजर लावते. शून्य वर्षानंतर पुढच्या वर्षी काय करायचं ते प्रश्न ४ मध्ये आहेच.

१३. आठवड्यातून दोनच दिवस काम करते, त्यात आता बाळंतपणाची रजा. तास कमी होतात का?

नाही. अर्धवेळ, बाळंतपण, आजारपण, नोकरी नसणं, कशानेही शंभराचे नव्वद होत नाहीत. रजिस्टरवर नाव आहे तोवर पूर्ण हिशोब. हे मला अन्यायाचं वाटतं आणि तसं मी बोलूनही दाखवते, पण नियम तसा आहे. बाळ झोपलेलं असताना अर्ध्या-एक तासाचे ऑनलाइन तुकडे करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तीही चैन परवडत नसेल तर ते वर्ष शून्य जाऊ द्या आणि पुढचं सांभाळा.

१४. मी इथे थेरपिस्ट म्हणून रजिस्टर आहे, नर्स म्हणूनही नाव आहे. दोन्हींचे तास जोडून करायचे?

जोडायचे नाहीत, जास्तीचा आकडा धरायचा. थेरपिस्ट, हायजिनिस्ट, ऑर्थोडॉन्टिक थेरपिस्ट आणि क्लिनिकल डेंटल टेक्निशियनला ७५ तास, नर्स आणि डेंटल टेक्निशियनला ५०. म्हणजे तुम्हाला ७५. तुमचं वर्षही वेगळं आहे, १ ऑगस्ट ते ३१ जुलै. जाता जाता : परदेशी बीडीएसच्या जोरावर थेरपिस्ट म्हणून रजिस्टर होण्याची वाट २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा सीनियरनं ‘मी असं केलं होतं’ म्हटलं तर कोणत्या वर्षी ते विचारा.

१५. आईच्या आजारपणामुळे दोन वर्षं कोल्हापूरला राहणार आहे. इथलं आणि तिथलं, दोन्ही रजिस्ट्रेशन टिकवता येईल?

येईल, पण दोन वह्या ठेवाव्या लागतील. इथे नाव ठेवायचं तर शुल्क, स्टेटमेंट, दोन वर्षांत दहा तास हे सगळं कोल्हापुरातूनही चालू. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नूतनीकरण आणि गुण हा स्वतंत्र हिशोब, तो इथल्या तासांनी आपोआप भरत नाही. तिथलाच एखादा कार्यक्रम दोन्हीकडे लावायचा असेल तर प्रश्न ९ मधलं पत्र मागून घ्या. नाव काढून टाकून नंतर परत लावणं हाही पर्याय आहे, पण परत येताना सीपीडीचे पुरावे मागतात. म्हणजे अभ्यासातून सुटका नाहीच.

१६. ओआरईची तयारी करतोय. आत्ता केलेलं सीपीडी पुढे उपयोगी पडेल?

तासांच्या हिशोबात नाही, कारण रजिस्टरवर नावच नाही. मुलाखतीत पडेल. ओआरईच्या पार्ट टूमध्ये मेडिकल इमर्जन्सी हा स्वतंत्र भाग आहे, त्यामुळे एखादा चांगला हातानं करायचा कोर्स वाया जात नाही. पण आत्ता पैसा परीक्षेवर खर्च करा.

१७. माझे १३० झाले. वरचे ३० पुढच्या चक्रात टाकता येतील?

नाही.

१८. पाचवं वर्ष संपत आलं आणि २२ तास कमी आहेत, मॅम. काय करू?

आधी नीट मोजा. निम्म्या वेळा कमी पडलेले तास जुन्या मेलमध्ये सापडतात. तरीही कमी असतील आणि खरोखर जमणार नसेल, तर मुदत संपण्याच्या आत जीडीसीकडे वाढीव मुदतीसाठी अर्ज करा. ती काही आठवड्यांचीच असते. मुदत संपल्यावर, जानेवारीत, ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून अर्ज करण्यात अर्थ नाही. आणि खोटा आकडा टाकू नका. तास कमी पडणं ही कागदोपत्री अडचण आहे. खोटं स्टेटमेंट हा सचोटीचा प्रश्न होतो, आणि त्याची चौकशी वेगळ्या खोलीत होते.

१९. जीडीसीनं माझे सगळे कागद मागवलेत. मी काही चूक केली का?

बहुधा नाही. काही जणांची नोंद तपासायला मागवतात, त्यात तुमचा नंबर लागला. योजना, तासांची यादी आणि सर्टिफिकेटं पाठवा, दिलेल्या तारखेच्या आत. चक्र संपल्यावरही पाच वर्षं हे सगळं जपायचं असतं. म्हणजे पहिल्या वर्षीचा कागद जवळजवळ दहा वर्षं.

माझा पहिला लॅपटॉप बंद पडला तेव्हा अठरा तास त्याच्याबरोबर गेले. एका कोर्सवाल्यांनी दुसरी प्रत द्यायचे पैसे मागितले, एकांचं दुकानच उठलं होतं. तेव्हापासून सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी तीन कामं : फोटो, स्वतःलाच मेल, आणि यादीत एक ओळ. फाइलच्या नावात तारीख, तास आणि फलिताचं अक्षर टाकते. शिवाय त्या कोर्समुळे काय बदललं ते एका वाक्यात लिहून ठेवते. कधी कधी ते वाक्य ‘काही नाही’ असं असतं, आणि त्या संस्थेकडे मी परत जात नाही.

२०. सीपीडीमुळे नाव निघाल्याचं पत्र आलंय आणि सोमवारी नऊ पेशंट आहेत. तोवर बघू का?

एकही नाही. नाव रजिस्टरवर नसताना दंतवैद्यक करणं हा १९८४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुमची इन्डेम्निटीही, म्हणजे दाव्यांपासूनचं संरक्षणही, त्या दिवशी तुमच्यामागे उभी राहणार नाही. आधी पत्र नीट वाचा. नाव काढण्याचा ‘इरादा’ कळवला असेल तर उत्तर द्यायला अजून वेळ आहे. प्रत्यक्ष काढलं असेल तर अपिलाची मुदत पत्रात दिलेली असते. मग या क्रमानं फोन करा : इन्डेम्निटीवाले, जीडीसी, प्रॅक्टिस मॅनेजर. मला चौथा केलात तरी चालेल.